देव निवडता येतो का?

मागच्या नवरात्रात, घट बसले त्या संध्याकाळी नातीचा फोन आला. ती इंग्लंडात ब्रायटन नावाच्या समुद्रकाठच्या गावी शिकते. घट बसवले का, माती कुठून आणलीस, अशी नेहमीची चौकशी झाली आणि मग म्हणाली, "आजी, एक विचारू? हसू नकोस. माझी रूममेट विच आहे."

मी अर्थातच हसले.

"हसू नकोस म्हटलं ना! खरंच आहे. तिच्या खोलीत एक छोटं टेबल आहे. त्यावर मेणबत्ती, एक दगड, सुकवलेली फुलं आणि ऑनलाइन मागवलेली पितळेची काली. आपली काली! मला ते बघून कसंतरीच झालं. पण राग नेमका कशाचा आला ते सांगता येईना, कारण मी तरी कुठे कालीची पूजा करते? आणि तिने मला अगदी साधेपणाने विचारलं, तुम्ही तुमचा देव कसा निवडता? मला उत्तरच देता आलं नाही. आजी, आपण कसा निवडतो गं?"

उत्तर मलाही देता आलं नाही. तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवल्यामुळे एक सवय लागलेली आहे : उत्तर येत नसेल तर "उद्या बघून सांगते" म्हणायचं आणि खरोखरच बघायचं. हा 'उद्या' काही महिने लांबला. माझं शिक्षण बी.ए.पर्यंत मराठीतून झालेलं, तेव्हा इंग्रजी पुस्तक उघडलं की शेजारी शब्दकोश हवाच. पण वाचत गेले तशी गोडी लागली. जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

आधी शब्दाचं बघू. 'विच' म्हटलं की आपण चेटकीण म्हणतो आणि मनात गोष्टीतली म्हातारी येते. पण आपल्याकडे हा शब्द गोष्टीपुरता नाही. नंदुरबारकडच्या सातपुड्यात एखादीला 'डाकीण' ठरवून मारहाण करणं, गावाबाहेर काढणं, प्रसंगी जीव घेणं हे घडत आलेलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात एखाद्यावर असा आळ घेणं हाही गुन्हा धरला आहे. तिथे हे नाव दुसऱ्याने लादलेलं असतं. नातीची रूममेट ते नाव स्वतः घेते. शब्द एक असला तरी या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचं अंतर आहे, आणि यापुढे मी लिहिणार आहे ते फक्त दुसऱ्या गोष्टीबद्दल.

युरोपातही पूर्वी तो लादलेलाच शब्द होता. पंधराव्या ते अठराव्या शतकांत तिकडे चेटकाच्या आरोपावरून चाळीस ते पन्नास हजार माणसं मारली गेली असं आताचे इतिहासकार मानतात. (नव्वद लाखांचा आकडा अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. तो अठराव्या शतकातल्या एका जर्मन गृहस्थांनी त्रैराशिक मांडून काढलेला होता. त्याला आधार नाही.) पुढे १७३५ साली इंग्लंडात कायदा बदलला. नवा कायदा म्हणाला की चेटूक असं काही नसतंच, तेव्हा ते येतं असं जो सांगेल तो लबाड, आणि शिक्षा लबाडीची. गंमत म्हणजे हा कायदा दोनशे वर्षांहून अधिक टिकला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, मृतात्म्यांशी बोलण्याचे प्रयोग करणाऱ्या हेलन डंकन नावाच्या बाईला याच कायद्याखाली तुरुंगात धाडलं होतं. शेवटी १९५१ साली तो रद्द झाला.

आणि तो रद्द झाल्यावर थोड्याच दिवसांत एक निवृत्त सरकारी नोकर उघडपणे म्हणू लागला, की मी विच आहे, आणि आमचा धर्म ख्रिस्ती धर्माहून जुना आहे.

त्याचं नाव जेराल्ड गार्डनर. जन्म १८८४ चा. तरुणपण सिलोनच्या चहामळ्यांत आणि मलायात गेलं, तिथे कस्टम्स खात्यात नोकरी. १९३६ साली निवृत्त होऊन इंग्लंडात परतला. त्याचं म्हणणं असं की १९३९ साली न्यू फॉरेस्ट भागात त्याला जुन्या विच मंडळींचा एक गट भेटला आणि 'ओल्ड डोरोथी' नावाच्या बाईंच्या घरी त्याला दीक्षा मिळाली. १९५४ साली त्याने 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक काढलं. आज ज्याला विक्का म्हणतात त्या पंथाची सुरुवात इथून धरतात.

आता आपला प्रश्न. या मंडळींचे देव कोणते, आणि ते आले कुठून?

गार्डनरच्या पंथात दोन देव : एक शिंगांचा देव आणि एक चंद्राची देवी. शिंगांच्या देवाची कल्पना आली मार्गारेट मरे या विदुषीकडून. या बाई इजिप्तच्या इतिहासाच्या अभ्यासक, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवत. १९२१ साली त्यांनी पुस्तक लिहून मांडलं, की चेटकाचे खटले ज्यांच्यावर झाले ते लोक एका प्राचीन धर्माचे अनुयायी होते, आणि पाद्री ज्याला सैतान म्हणत तो त्यांचा शिंगांचा देव होता. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाने १९२९ च्या आवृत्तीत 'विचक्राफ्ट' हा लेख त्यांच्याकडूनच लिहून घेतला, त्यामुळे सर्वसामान्य वाचकाला ते मत म्हणजे सिद्ध झालेला इतिहास वाटू लागला. गार्डनरच्या १९५४ च्या पुस्तकाला प्रस्तावनाही मरेबाईंचीच. आणि या मरेबाईंचा जन्म कुठला? कलकत्त्याचा, १८६३ चा!

शिंगांच्या देवाला त्यांनी नाव दिलं केर्नुनोस. हे नाव मिळतं पॅरिसमध्ये नोत्र दाम चर्चखाली अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सापडलेल्या एका रोमन काळातल्या कोरीव दगडावर. डेन्मार्कमध्ये १८९१ साली एक चांदीचं मोठं भांडं सापडलं, त्यावर हरणाची शिंगं असलेला एक पुरुष मांडी घालून बसला आहे आणि भोवती जनावरं आहेत. मला तर ते चित्र बघून वर्गात दरवर्षी दाखवलेली मोहेंजोदडोची 'पशुपती' मुद्रा आठवली. पण चित्रं सारखी दिसली म्हणून देव एकच ठरत नाही, हे मी मुलांना सांगत असे, ते इथेही लागू. त्या देवाची एकही कथा, एकही प्रार्थना शिल्लक नाही. शिल्लक काय, तर एक नाव आणि काही चित्रं.

देवीचं एक नाव होतं अरादिया. हे आलं चार्ल्स लेलंड या अमेरिकन लोकसाहित्याच्या अभ्यासकाच्या १८९९ सालच्या पुस्तकातून. इटलीत एका बाईने आपल्याला हे सगळं लिहून दिलं असं तो सांगतो. डायानाची ही मुलगी गरिबांना जुलमी मालकांविरुद्ध जादू शिकवायला पृथ्वीवर येते. कुमारिका, माता आणि वृद्धा अशी चंद्रदेवीची तीन रूपं आज प्रत्येक विक्का पुस्तकात असतात, ती या स्वरूपात लोकप्रिय केली रॉबर्ट ग्रेव्हज या कवीने, १९४८ सालच्या आपल्या पुस्तकात. तो कवी होता, इतिहासकार नव्हता. वसंतसंपाताच्या सणाला 'ओस्तारा' म्हणतात. या देवीचा जुना आधार काय, तर आठव्या शतकात बीड नावाच्या एका भिक्षूने एका महिन्याच्या नावाबद्दल केलेला ओझरता उल्लेख, आणि त्यावरून एकोणिसाव्या शतकात याकोब ग्रिमने बांधलेला अंदाज. सणाला हे नाव चिकटवलं कॅलिफोर्नियातल्या एका गृहस्थांनी, १९७४ साली.

म्हणजे बघा, पंथ म्हणत होता की आम्हाला हे देव पिढ्यान्‌पिढ्या मिळाले. प्रत्यक्षात ते पुस्तकांतून निवडलेले होते. एक दगड पॅरिसचा, एक वही इटलीची, एक कल्पना कवीची.

इथवर वाचलं तेव्हा मी जरा तोऱ्यातच होते. मनात म्हटलं, नातीला सांगावं : सगळं बनावट आहे, सोडून दे. पण मग डोरीन व्हॅलिएंटे ही बाई भेटली आणि माझा तोरा उतरला.

डोरीन १९२२ साली जन्मली. १९५३ साली तिला गार्डनरने दीक्षा दिली. गार्डनरकडे 'बुक ऑफ शॅडोज' नावाची हस्तलिखित वही होती, त्यात सगळे विधी. प्राचीन काळापासून उतरवत आणलेली, असं तो म्हणे. डोरीनचं वाचन दांडगं. तिने वही वाचली आणि सरळ सांगितलं, की हा भाग अ‍ॅलिस्टर क्राउलीचा आहे, हा लेलंडच्या अरादियाचा. वसंताच्या विधीत तर चक्क रुडयार्ड किपलिंगच्या कवितेच्या ओळी होत्या. किपलिंग म्हणजे आपल्या मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला! गार्डनर म्हणाला, तुला यापेक्षा बरं लिहिता येत असेल तर लिही. तिने लिहिलं. आज जगभर विक्का मंडळी देवीचं जे आवाहन म्हणतात त्याचं प्रचलित रूप तिच्या हातचं आहे.

पुढे १९५७ साली दोघांचं बिनसलं. गार्डनर प्रसिद्धीच्या मागे होता, ते हिला नको होतं. तेव्हा त्याने अचानक पंथाचे 'प्राचीन नियम' काढून दाखवले. त्यात एक कलम असं होतं, की मुख्य पुजारणीने वय झालं की तरुण बाईसाठी आनंदाने जागा सोडावी. डोरीन तेव्हा पस्तिशीची! तिने विचारलं, हे नियम इतकी वर्षं कुठे होते? आणि ती बाहेर पडली. प्राचीन परंपरा नेमकी कुणाच्या सोयीची निघते, हे बायकांना ओळखायला शिकवावं लागत नाही.

आता यातली मला फार आवडलेली गोष्ट सांगते. १९८० साली एका अमेरिकन इतिहासकाराने शंका काढली, की 'ओल्ड डोरोथी' नावाची बाई बहुधा नव्हतीच. डोरीनने वाद घातला नाही. ती जन्ममृत्यूच्या नोंदी शोधायला निघाली. सरकारी दफ्तरं, मृत्युपत्रं, जुनी कागदपत्रं. आणि डोरोथी क्लटरबक सापडली. जन्म १८८० सालचा. कुठे? हिंदुस्थानातच! वडील इथल्या लष्करात अधिकारी, बाप्तिस्मा अंबाल्याच्या चर्चमधला. (मरेबाई, किपलिंग आणि आता ही. इंग्लंडच्या 'अतिप्राचीन' धर्माच्या गोष्टीतली तीन माणसं इथली निघावीत, याचं मला भारी कौतुक वाटलं.) डोरीनने तो शोध १९८४ साली छापला. अर्थात डोरोथी होती एवढंच त्यातून सिद्ध झालं, ती विच होती हे नाही. तिच्या डायऱ्या वाचून रोनाल्ड हटन या इतिहासकारांनी पुढे दाखवलं की बाई चांगल्या चर्चला जाणाऱ्या दिसतात.

डोरीनने १९८९ साली आपल्या आठवणी लिहिल्या, त्यात कुठला भाग कुणाकडून आला हे मोकळेपणाने सांगितलं. आणि तरीही १९९९ साली मरेपर्यंत ती स्वतःला विचच म्हणत राहिली. वंशपरंपरा खोटी निघाली म्हणून तिने देवी सोडली नाही, आणि देवी सोडायची नाही म्हणून वंशपरंपरा खरी असल्याचं सोंगही केलं नाही. मी पुन्हा पुन्हा तिथेच अडते आहे. हे सोपं नाही हो.

त्याच १९९९ साली हटन यांचं 'द ट्रायम्फ ऑफ द मून' आलं. विक्काचा उगम विसाव्या शतकातला आहे हे त्यांनी कागदोपत्री दाखवून दिलं. कीथ थॉमस (१९७१) आणि नॉर्मन कोन (१९७५) यांनी मरेबाईंचा सिद्धान्त आधीच मोडीत काढलेला होता. एखाद्याला वाटेल, आता पंथ संपला. तसं झालं नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म 'पेगन' लिहिला आणि सुमारे १३ हजारांनी 'विक्का'.

मधल्या काळात एक मोठा बदल झाला होता. गार्डनरच्या पंथात देव गटाचे असत. दीक्षा मिळाली की नावं मिळत. हे सगळं अमेरिकेत गेलं आणि स्त्रीमुक्तीच्या चळवळीशी त्याची गाठ पडली. झुझाना बुडापेस्ट या हंगेरियन बाईने १९७१ साली लॉस एंजेलिसमध्ये फक्त बायकांचा गट काढला, देव नाही, देवीच. १९७९ साली स्टारहॉक या लेखिकेचं 'द स्पायरल डान्स' आलं. १९८७ साली जेनेट आणि स्टुअर्ट फरार यांनी जगभरच्या देवींची अकारविल्हे यादीच छापली. १९८८ साली स्कॉट कनिंगहॅम याने एकट्याने साधना करणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिलं : गट नको, दीक्षा नको, ज्याचं त्याने करावं. झालं! आता एकटी मुलगी, एक यादी आणि एक टेबल. निवड करायची कशी, हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा उभा राहिला.

मग त्यावर सल्ले आले. ते वाचताना मला पदोपदी ओळखीचं काही भेटत होतं. कुणी म्हणतात, कामानुसार देव घ्या : विद्येला ही, प्रेमाला ती. (आपण विद्येला सरस्वती आणि विघ्नाला गणपती म्हणतोच की.) कुणी म्हणतात, तुम्ही निवडू नका, देव तुम्हाला निवडतो, स्वप्नं आणि खुणा बघा. (कोकणात देवाला कौल लावतात, त्याच्याशी हे किती जवळ!) कुणी म्हणतात, साऱ्या देवी एकीचीच रूपं, तेव्हा कुठलंही नाव चालेल. डायन फॉर्च्यून ही लेखिका हे मत १९३० च्या दशकात मांडत होती. दुसरे म्हणतात, छे, प्रत्येक देव वेगळा, त्याचा देश, त्याची भाषा, त्याचे नियम वेगळे, ते आधी शिका. 'इष्टदेवता' या शब्दातला 'इष्ट' म्हणजे तरी काय? आवडलेली, हवीशी. पंचायतनात पाच देव तेच, मध्ये कोण ठेवायचा ते आपल्या भक्तीवर. म्हणजे निवड आपल्याकडे नव्हती असं नाही.

एका शब्दापाशी मात्र मी थांबले. ही मंडळी म्हणतात, मी अमुक देवीबरोबर 'काम करते'. आपण असं कधी म्हणत नाही. आपण म्हणतो 'देवाचं करायचं असतं'. कुळाचार, नैवेद्य, दिवा. जमो न जमो, फळ मिळो न मिळो, करायचं असतं. काम सोडता येतं. 'करायचं असतं' ते सोडता येत नाही. नातीला कालीबद्दल जे खुपलं ते इथे असावं असं मला वाटतं.

तिकडच्या पुस्तकांत काली बहुतेकदा बायकांच्या दबलेल्या संतापाची देवी म्हणून येते. त्यात खोटं काही नाही. पण बंगालमध्ये ती आधी 'मा' आहे. अठराव्या शतकात रामप्रसाद सेन यांनी तिच्यावर गाणी रचली, त्यांत ते तिच्याशी लहान मुलासारखं भांडतात, रुसतात. दक्षिणेश्वरचं कालीमंदिर १८५५ साली उभं केलं ते राणी रासमणी या विधवा बाईंनी. त्या ब्राह्मण नाहीत म्हणून तिथे पुजारी मिळायलाही अडचण आली होती. कालीला जवळ करताना ही माणसंही बरोबर येतात. ती नको आणि फक्त संताप हवा, असं म्हटलं की देवी राहत नाही, पितळेची वस्तू राहते.

याच्या उलट उदाहरण आहे आयर्लंडच्या ब्रिजिडचं. जुन्या आयरिश ग्रंथात ब्रिजिड नावाची काव्याची देवी आहे, तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी वैद्यकाच्या आणि लोहारकामाच्या. आणि किल्डेअर गावची संत ब्रिजिडही आहे. दोघींचा नेमका संबंध काय यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बाराव्या शतकातल्या एका प्रवाशाने लिहून ठेवलं आहे, की किल्डेअरला एकोणीस जोगिणी पाळीपाळीने अग्नी राखतात आणि विसाव्या रात्री तो स्वतः ब्रिजिड राखते. तो अग्नी पुढे विझला होता. १९९३ साली तिथल्या ख्रिस्ती भगिनींनी तो पुन्हा पेटवला. आज तिथे कॅथलिकही जातात आणि पेगनही. २०२३ पासून आयर्लंडमध्ये ब्रिजिडच्या सणाला सरकारी सुट्टी असते. देवी एक, लेकरं दोन घरची, आणि अग्नी राखणारं कुणीतरी आहे. मला वाटतं निवडलेला देव आपला होतो तो असा, राखण्याने.

आता माझ्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही, कारण प्रश्न 'आपण कसा निवडतो' असा होता.

माझं माहेर जोतिबाचं. चैत्री पौर्णिमेला वडील वाडी रत्नागिरीला जात, सासनकाठ्या नाचताना बघितल्या आहेत, गुलालाने माखून घरी आले आहे. तोंडात सदा 'चांगभलं'. १९७४ साली लग्न झालं आणि एका दिवसात देव बदलला. सासर जेजुरीच्या खंडोबाचं. चंपाषष्ठीला भरीत-रोडगा, तळी भरणं, 'येळकोट'. मला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हे कुणाच्या मनातही आलं नाही, माझ्यासुद्धा. पुरुषाचा देव जन्मभर एक असतो, बाईचा लग्नात बदलतो, आणि आपण म्हणतो कुलदैवत निवडता येत नाही!

माहेरून बरोबर काय आलं, तर गौरीहरापाशी पुजलेली बोटभर उंचीची अन्नपूर्णा. ती सासरच्या देव्हाऱ्यात एका कोपऱ्यात बसली. मी सांजवात लावते तेव्हा खंडोबाला नमस्कार करते, अगदी मनापासून करते. पन्नास वर्षांत तो माझा झालाच आहे. पण दिवा लावून झाला की अन्नपूर्णेकडे बघून ओठांतल्या ओठांत 'चांगभलं' म्हणते. पन्नास वर्षं. हे मी सासूबाईंना सांगितलं नाही, यांनाही नाही. हे गेल्यालाही आता सहा वर्षं झाली. तेव्हा माझ्याही घरात एक छोटं टेबल होतं म्हणायचं, कुणाला न दिसणारं.

आणि खंडोबा तरी काय? रा. चिं. ढेरे आणि ग्युंटर सोन्थायमर यांनी लिहिलेलं वाचलं की कळतं, या एका देवापाशी किती जण आपापली माणसं घेऊन आले. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची, मुसलमान भक्त त्याला मल्लूखान म्हणतात. कधीतरी कुणीतरी निवड केली, पुढच्यांनी राखली, आणि त्याच्या पुढच्यांना ती जन्मापासूनची वाटू लागली. डोरीनच्या पंथाचं तेच झालं, फक्त त्यांचं वय कमी, म्हणून सांधे दिसतात. आपले सांधे झिजून गुळगुळीत झालेत एवढंच.

हे सगळं मी नातीला फोनवर सांगितलं. तासभर लागला. म्हटलं, मैत्रिणीला सांग, देव निवडण्यात पाप नाही. निवडला तर निवडला म्हण, प्राचीन काळापासून माझाच होता असं सोंग नको. तो आधी कुणाचा आहे ते शिक, आणि नंतर कंटाळा आला तरी दिवा लाव. काली ठेव की दुसरं कुणी, ते तुझं तू बघ. 'चांगभलं'ची गोष्टही सांगितली. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, "आजी, आता मोठ्याने म्हण ना."

घरात कुणी नव्हतं. तरी इकडेतिकडे बघितलं, आणि म्हटलं.

दोन दिवसांनी तिने फोटो पाठवला. डोरीन शेवटी ब्रायटनमध्येच राहत होती, टायसन प्लेस नावाच्या नगरपालिकेच्या इमारतीत. २०१३ साली तिथे तिच्या नावाची निळी पाटी बसवली आहे, कवयित्री, लेखिका आणि आधुनिक विच पंथाची आई म्हणून. पाटीखाली दोघी मैत्रिणी उभ्या आहेत. खाली नातीने लिहिलंय : काली अजून टेबलावर आहे, तिने रामप्रसादांवरचं एक पुस्तक वाचनालयातून आणलंय, आणि आता ती विचारते आहे की अन्नपूर्णेला काय लागतं.

मी कळवलं, तिच्या हातात पळी असते. रोज कुणाला तरी दोन घास वाढायला लागतात. जमत असेल तर बघ म्हणावं.